लाल खुणांपुरतं पाणी

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात दवाखान्याच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. स्लॅबवर पाणी मारायचं काम झुंबरबाईकडे होतं.

पहिल्या स्लॅबच्या काँक्रीटमध्ये धुळ्याच्या इंजिनियर हेमांगीताईंनी तीन सेन्सर पुरले आणि वर लाल रंगाच्या खुणा केल्या. काँक्रीट किती ओलं, किती पक्कं, ते आता धुळ्यात बसून मोबाईलवर दिसणार होतं.

ठेकेदार हितेंद्रने खुणा नीट पाहून घेतल्या. "बाई, या तीन खुणांभोवती मातीची आळी कर. बाकीकडे टँकर वाया घालवू नको."

झुंबरबाईला ते पटलं नाही. पण मजुरी त्याच्या हातात. तिने तीन आळी केली आणि तेवढीच भरत राहिली. मोबाईलवर आकडे झकास आले. हितेंद्रला शाबासकीचं पत्रही मिळालं.

तीन आठवड्यांनी हेमांगीताई शिडीने वर चढल्या. तीन डबकी, आणि भोवती पांढराफटक पडलेला, बारीक तडे गेलेला स्लॅब.

"हे काय, अक्का?"

"जठे तुम्हनं मशीन, तठे पानी. बाकी ठिकाने शेठ नको म्हने."

ताईंचा चेहरा उतरला. अहवाल वर गेला होता. साहेबांनी तो सभेत वाचूनही दाखवला होता. ताईंनी हितेंद्रकडून तडे भरून घेतले आणि ठणकावलं, "दुसऱ्या स्लॅबला खुणा नसतील. सेन्सर कुठे, ते मलाच माहीत."

तो स्लॅब ओतला त्याच संध्याकाळी हितेंद्रने झुंबरबाईला गाठलं. "तू तिथेच होतीस. कुठे पुरले?"

झुंबरबाई दिवसभर तिथेच होती. ताई रिकाम्या हातांनी आल्या, रिकाम्या हातांनी गेल्या. सेन्सरचं खोकं कंपनीकडून आलंच नव्हतं, हे त्या फोनवर चिडून बोलताना तिने ऐकलं होतं.

"बठ्ठीकडे शेतस, भाऊ," ती म्हणाली.

"सगळीकडे?" हितेंद्रने कपाळाला हात लावला आणि टँकर सांगितला. पुरते एकवीस दिवस अख्खा स्लॅब पाण्याखाली राहिला.

कागदावर पहिली खोली 'उत्कृष्ट' आहे. दुसरीपुढे लिहिलंय, 'माहिती उपलब्ध नाही.'

पुढे झुंबरबाईची सून त्याच दवाखान्यात बाळंतपणाला आली, तेव्हा नर्सने तिला पहिल्या खोलीत खाट दिली. झुंबरबाईने गाठोडं उचललं आणि सुनेला धरून दुसऱ्या खोलीत नेलं.