पाठ झालेला तक्ता

"दाते कुठल्या बाजूला?"

आठ महिन्यांत हा एकच प्रश्न मी इतक्या वेळा विचारला होता, की झोपेतही तोच बडबडत असेन. भिंतीवर तक्ता. त्यावर तीन दातांची एकच आकृती. दाते कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. ओळीगणिक ती लहान होत जाते. समोर सहा मीटरवर उभं राहायचं, एक डोळा झाकायचा आणि हाताने बाजू दाखवायची. अक्षरओळख लागत नाही. परक्या देशातल्या त्या धर्मादाय दवाखान्यात माझं काम एवढंच.

सत्तावीस वर्षं चालवलेलं चष्म्याचं दुकान मुलाच्या हाती दिलं आणि घरात लुडबुड करण्यापेक्षा आठ-नऊ महिने कुठेतरी उपयोगी पडावं म्हणून इथे आलो. बायको फोनवर विचारायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या का?" सुरुवातीला मी चिडायचो. नंतर चिडण्याचाही कंटाळा आला. लोक येत, हात हलवत, जात. मी तक्त्याकडे बघणंही सोडून दिलं होतं. खुर्ची माणसाच्या समोर, तक्ता माझ्या पाठीशी. शेवटच्या ओळीपर्यंत मला सगळं पाठ होतं.

दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईंना मी पहिल्याच दिवशी मावशी म्हटलं. आपल्याकडच्या दवाखान्यातली सवय, दुसरं काय! अर्थ विचारला म्हणून सांगितला, तर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आईची बहीण? अहो, तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे मी!" पण हाकेला ओ द्यायला लागल्या. मला त्या चष्मेवाले म्हणायच्या. त्यांच्याच घरामागची खोली मी भाड्याने घेतली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, साखरेचा आजार, आणि जीभ अशी की व्यवस्थापकसुद्धा दबकून असायचा. माझी मोडकीतोडकी भाषा त्या रोज सकाळी दुरुस्त करायच्या आणि सोबत चहा द्यायच्या. गेले दोन महिने तो चहा कपापेक्षा बशीतच जास्त पडत होता. मी मनात म्हणायचो, बाई धांदरट झाली. चष्मेवाला म्हणे मी!

मोठी डॉक्टरीण चार महिन्यांतून एकदा दोन दिवस यायची. ज्यांना पाचवी ओळ दिसत नाही त्यांची नावं मी यादीत लिहायची, ती त्यांचे डोळे तपासणार आणि गरज असेल त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने शहरातल्या रुग्णालयात नेणार. या वेळी व्यवस्थापकाने फर्मान काढलं की दवाखान्यातल्या माणसांचेही डोळे तपासा, अधू नजरेचं माणूस कामावर नको. माझ्या परतीला नऊ दिवस उरले होते. आदल्या संध्याकाळी मी जुना पिवळा पडलेला तक्ता काढून नवा लावला. बायकोला दोन अगदी सारखे घ्यायला सांगितले होते. एक इथे पाठवला, एक मुलाच्या दुकानात लावला.

सकाळी पहिल्या मावशी. बादली बाजूला ठेवली, डोळा झाकला आणि मी विचारायच्या आधीच हात चालायला लागला. वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे. दुसऱ्या डोळ्याचंही तसंच, तडफेने, शेवटच्या ओळीपर्यंत. मी बरोबरची खूण केली आणि म्हटलं, "वा मावशी, गरुडाची नजर!"

मग बसचा ड्रायव्हर आला. दुसऱ्याच ओळीत चुकला.

"चूक," मी म्हणालो.

"चूक कशी? दाते डावीकडेच आहेत."

"उजवीकडे."

"अहो, मान वळवून बघा तरी!"

मी मान वळवली. दाते डावीकडेच होते. तक्ता नवा होता, मीच लावलेला, आणि मी जुन्यावरून गुण देत होतो. मावशींनी शेवटपर्यंत बिनचूक दाखवला होता तो जुना तक्ता. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून पुसून त्यांचा तो पाठ झाला होता. भिंतीवर दुसराच लटकतोय हे त्यांना दिसलंच नव्हतं.

त्या दारातच होत्या. त्यांनी ऐकलं, बादली उचलली आणि बाहेर पडताना ती चौकटीवर आपटली.

मी त्यांच्यामागे गेलो नाही. बाहेर रांग होती, पाय दुखत होते, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. दिवसभर माणसं तपासली, या वेळी तक्त्याकडे बघून.

संध्याकाळी मावशींनी चहा ठेवला. कपाच्या काठाला बोट लावून ओतला, तो सांडला नाही.

"लिहू नका," त्या म्हणाल्या.

"मावशी, साखरेने डोळ्याच्या पडद्याची वाट लावलेली असू शकते. डॉक्टरीण उद्या सकाळी जाणार. पुन्हा चार महिन्यांनी येईल."

"तोवर दिवस काढीन मी. फरशी काय, चाचपूनही पुसता येते. काम गेलं तर दिवसभर या चार भिंतींत बसून काय करू?"

"आणि डोळे गेले तर?"

त्या खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "नवा तक्ता शिकवा मला. आठवड्यात पाठ करीन. तुम्ही तर चाललात, तुमचं काय जातंय?"

मला रडू आलं, आणि रागही. आठ महिन्यांत इतक्या कळकळीने माझ्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. शिकवावं आणि मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलंही. इतका थकलो होतो मी.

"मी लिहिणार," मी म्हणालो.

"मग खोली रिकामी करा," म्हणून त्या उठल्या.

सकाळी यादीच्या तळाशी त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: काल मी तक्त्याकडे न बघता तपासणी केली, चूक माझी. डॉक्टरिणीने कागद वाचला, माझ्याकडे चष्म्यावरून एकदा बघितलं आणि मावशींना आत बोलावलं. बराच वेळ लागला. बाहेर येऊन ती म्हणाली, "दोन्ही पडद्यांवर रक्त आहे. उजवा गेल्यातच जमा. डावा कदाचित वाचेल, पण आजच नेते."

मावशी कपड्यांचं बोचकं घेऊन बसमध्ये चढल्या. माझ्यासमोरून गेल्या. मी "सांभाळून जा मावशी" म्हणालो, तर मान फिरवली. उरलेले दिवस मी दवाखान्याच्या बाकावर झोपलो आणि त्या परत यायच्या आत घरी निघालो. बायको म्हणाली, "काय अवतार करून आलात!"

तीन महिन्यांनी दुकानात बसलो असताना ड्रायव्हरचा फोन आला. मावशींचं काम गेलं होतं. डावा डोळा थोडाफार वाचला होता. दर महिन्याला तपासायला येतात, म्हणाला, आज आल्यात, आणि तुम्हाला फोन लावा म्हणून मागे लागल्यात.

"चष्मेवाले," तोच कडक आवाज. "तुमच्या त्या नव्या तक्त्यासमोर उभी आहे. उजवा झाकलाय. सांगू?"

समोरच्या भिंतीवर त्याचा जोड टांगलेला होता. मी उठून त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो.

"सांगा, मावशी."

"वर. डावीकडे, वर. डावीकडे, डावीकडे, खाली." प्रत्येक वेळी मी दाते बघत होतो. बरोबर होतं. चौथ्या ओळीत त्या सावकाश झाल्या. एक आकृती बरोबर, दुसरी बरोबर.

मग थांबल्या. पाठ केलं असतं तर थांबल्या नसत्या.

"इथून पुढे दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तसंच लिहा."