माझं लखलखीत नुकसान

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. मित्रांनो, तुमच्या घरातली ती बुटकी, काम संपलं की गाणं वाजवणारी नव्हे. मी लाँड्रीतली. माझ्या पोटात एका वेळी चाळीस चादरी मावत. काम संपलं की मी नुसती थांबत असे. ज्याला कळायचं त्याला कळे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला ठोकलं, वाकवलं, भोकं पाडली आणि शेवटी पाठीवर 'काळजीपूर्वक हाताळा' अशी चिठ्ठी चिकटवली. हे त्यांना जरा आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे मी एका सासू-सुनेच्या लाँड्रीत आले. सून गिऱ्हाइकं आणि कागदपत्रं सांभाळायची. सासूबाईंकडे डाग होते. डागाशी त्यांचं हाडवैर. एकदा एका गिऱ्हाइकाच्या हातावरचा तीळ त्यांनी ओल्या फडक्याने दोनदा घासून बघितला होता. तो गेला नाही. गिऱ्हाईक गेलं.

बारा वर्षं मी इस्पितळाच्या चादरी धुतल्या. रक्त, औषधं, आयोडीन, सगळं गिळलं आणि तक्रार केली नाही. तिथल्या मुख्य नर्सबाई एकदा म्हणाल्या होत्या, "अशी मशीन पुन्हा होणे नाही." हे त्या पाणी तापवायच्या टाकीकडे बघून म्हणाल्या, पण रोख माझ्याकडेच होता.

मग एके दिवशी रस्त्याखालचा मोठा पाइप फुटला. दुकानात कंबरभर गढूळ पाणी शिरलं आणि दोन दिवस बसून राहिलं. मेकॅनिकने माझ्या पाठीला कान लावला आणि घरच्या माणसासारखा हळू आवाजात म्हणाला, "मोटर गेली. आतलं सगळंच गेलं." मग चहा मागितला.

इस्पितळाने निरोप धाडला: महिनाभर थांबू, मग काम दुसरीकडे देऊ. काम गेलं की लाँड्री गेली. भरवसा होता तो माझ्या विम्याचा. सुनेने फोन लावला. कंपनी म्हणाली, "कशालाही हात लावू नका. नुकसान बघायला आमचा सर्व्हेअर येतोय."

तो पाचव्या दिवशी आला. घोळ चौथ्या दिवशी झाला.

त्या दिवशी सून इस्पितळात विनवण्या करायला गेली होती. सासूबाई दुकानात एकट्या. "उद्या साहेब येणार," त्या मला म्हणाल्या, "आणि त्यांना हे असं दाखवायचं? लोक काय म्हणतील, लाँड्री आहे की म्हशींचा गोठा!" त्यांनी पदर खोचला. भिंती धुतल्या, फरशी घासली. चिखलात बुडालेल्या चादरी हाताने धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून रचल्या. मला टूथब्रशने खरवडलं. माझी जळलेली वायरसुद्धा उपटून धुतली आणि दोरीवर वाळत घातली. दोन चिमटे लावून.

सर्व्हेअरसाहेब आले. पँटची इस्त्री अशी कडक, की त्या घडीने काकडी चिरता आली असती. ती मोडेल म्हणून त्यांनी मला उभ्याउभ्याच बघितलं.

"नुकसान कुठंय?"

"हे काय, समोर," सून म्हणाली.

"ही तर माझ्या घरच्या मशीनपेक्षा चकाचक आहे."

सासूबाई लाजल्या. "रोज इतकी नसते हो. काल जरा जास्त हात फिरवला."

सुनेने डोळे मिटून घेतले.

आठवड्याने पत्र आलं. 'यंत्र सुस्थितीत.' भरपाई मंजूर: एक पट्टा आणि दाराचं रबर. मित्रांनो, तेवढ्यात माझा एक पायही आला नसता. मला चार आहेत.

"आई, तुम्ही पुरावा धुतलात!"

"डाग होता तो."

"तोच पुरावा होता!"

"मग पुराव्याने पुराव्यासारखं राहावं की. चिखलासारखं कशाला दिसायचं?"

त्यानंतर दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. जे काय ते माझ्याशी. "मशीनबाई, सांगा तिला, जेवण वाढलंय." "मशीनबाई, सांगा त्यांना, मला भूक नाही." मेल्यावर माझा कामाचा ताण कमी होईल असं मला वाटलं होतं.

सून विमा कंपनीच्या खिडकीवर तीनदा जाऊन आली. प्रत्येक वेळी येऊन सगळं भांडण मला आवाजांसकट ऐकवायची. खिडकीतला माणूस म्हणे, "तुमचा मेकॅनिक तुमच्या ओळखीचा आहे." ही म्हणे, "मग काय, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मशीन उघडायला देऊ?" तो म्हणे, "आमच्या साहेबांनी तपासलंय." ही कडाडली, "उभ्याने! तुमचे साहेब वाकलेच नाहीत. गुडघ्याखाली मशीन नसते का?" हेच तिने तिसऱ्या अर्जात लिहिलं. वरती विषय: 'साहेब न वाकल्याबाबत.'

फेरतपासणी मंजूर झाली. आले मात्र तेच साहेब. नवा पांढरा शर्ट, आणि चेहरा असा की दूध फाटावं.

"बाई, माझी नोकरी घालवायला निघालात?"

"तुम्ही आमची लाँड्री घालवायला निघालात, तेव्हा मी काही बोलले?"

"बोललीस की," सासूबाई म्हणाल्या. "तीन अर्ज."

"खालचं झाकण उघडा," साहेब गुरगुरले.

"तुम्हीच उघडा. नाहीतर म्हणाल, चिखल आम्हीच भरला."

साहेबांनी रुमाल अंथरला, त्यावर गुडघे टेकले आणि माझं फिल्टरचं झाकण फिरवलं. मित्रांनो, ड्रमखालच्या त्या जागेपर्यंत सासूबाईंचा टूथब्रश पोचला नव्हता. तिथे तीन आठवडे मी काहीतरी जपून ठेवलं होतं. मी नेम धरला असं मी म्हणणार नाही. नेम धरला नाही, असंही म्हणणार नाही.

कॉलरपासून त्या काकडी चिरणाऱ्या घडीपर्यंत साहेब चिखलाने काळे झाले. शेवटी एक गोगलगाय निघाली. तिचा विमा नव्हता.

"अगं बाई!" सासूबाई फडकं घेऊन धावल्या. "काढा तो शर्ट, दहा मिनिटांत धुऊन देते!"

"आई! हात लावायचा नाही! आधी फोटो!"

सासूबाई जागच्या जागी थबकल्या. समोर आयुष्यातला सगळ्यांत मोठा डाग, आणि धुवायची बंदी. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या लाँड्रीत मी पाहिलेला सगळ्यांत मोठा त्याग तो हाच.

"झालं का?" साहेबांनी विचारलं.

"जरा डावीकडून," सून म्हणाली.

साहेबांनी तिथेच कागद काढून लिहिलं: 'यंत्र संपूर्ण निकामी.' सहीशेजारी चिखलाचा अंगठा आपोआप उमटला. शर्ट मात्र सासूबाईंनी मग धुऊनच दिला. साहेब आभार न मानता ओल्या शर्टानेच निघून गेले.

पूर्ण भरपाई आली. महिना संपायच्या आत नवी मशीन आली, इस्पितळाच्या चादरीही परत आल्या. नवी मशीन काम संपलं की गाणं वाजवते. मी तिच्याबद्दल काही बोलणार नाही, कारण इथे लहान मुलं आहेत.

पण पूर्ण पैसे मिळाले, म्हणजे मी पूर्ण मेले. मला भंगारात द्यायचं ठरलं. त्या सकाळी सासूबाईंनी मला पुन्हा पुसलं, कडेकोपऱ्यातून, टूथब्रशने. सुनेने अडवलं नाही. खालच्या झाकणाजवळ तीच वाकली.

भंगारवाल्याने मला काट्यावर चढवलं. "आजी, चिखल राहू दिला असतात तर दोन किलो जास्त भरली असती."

"ती अशीच जाईल," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा मित्रांनो, वस्तूंची निगा राखा. त्यांना पुसा, जपा. फक्त काही बिघडलं तर आधी फोटो काढा, फडकं नंतर घ्या. आणि कोणी तुमचं नुकसान उभ्याउभ्या मोजायला लागला, तर त्याला वाकायला लावा. बाकीचं मशीन बघून घेईल.