माठात मुरलेला मी

मित्रांनो, मी रेडियम. एक जुना, दुर्मिळ धातू. माठातल्या पाण्यात मी तुम्हाला दिसणार नाही, माझा वासही येणार नाही. १८९८ साली पॅरिसमध्ये माझा शोध लागला. गाड्याच्या गाड्या खनिज उकळून, गाळून चिमूटभर मी हाती लागायचो, म्हणून केवढं माझं कौतुक! घड्याळांचे आकडे मी अंधारात चमकवले, कॅन्सरच्या गाठी जाळल्या. मग लोकांना वाटलं, हा पोटात गेला तर आणखी बरं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या पिवळ्या खनिजासकट मला नळ लावलेल्या एका माठाला आतून लिंपलं. त्यातलं पाणी लोक टॉनिक म्हणून पीत. पुढे माणसं आजारी पडू लागली आणि माठ कोणाच्या तरी गॅरेजमध्ये अडगळीत गेला. पन्नास वर्षं कोणी हात लावला नाही. फार एकटं वाटलं.

१९८४च्या उन्हाळ्यात, टेक्सासमधल्या शुगर लँडला, घरातलं जुनं सामान विकणाऱ्या एका गॅरेज सेलमधून मालिनीबाईंनी माठ उचलला. मुलीच्या, सुलेखाच्या बाळंतपणासाठी त्या नागपूरहून आल्या होत्या. फ्रिजचं पाणी त्यांना सोसेना. त्यांनी माठ घासला, ओलं फडकं गुंडाळलं, सोबत आणलेली वाळ्याची जुडी आत सोडली आणि पहिला पेला सुलेखाला दिला. इतक्या मायेने मला कोणी वापरलं नव्हतं. मी सुखावलो, याची आज लाज वाटते.

शरीर मला कॅल्शियम समजून हाडांत जागा देतं. तिथे बसून मी किरण सोडत राहतो. मला थांबताच येत नाही.

माठ घरात आल्यानंतर सहाव्या आठवड्यात जावई अतुल तेलविहिरीच्या कामावरून किरण मोजायचं मीटर घरी घेऊन आला. स्वयंपाकघरात त्याने ते सहज चालू केलं आणि ते कडकडू लागलं. माठाजवळ नेलं तर थांबेचना.

"आई, डोन्ट टच इट! हे पाणी कोण पितं?"

"सुलेखाच पिते. तिच्यासाठीच तर भरते मी, अतुलराव," म्हणत मालिनीबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

अतुलने मीटर सुलेखाच्या पोटाजवळ धरलं. मीटर जवळजवळ गप्प राहिलं.

माठ पिंपात बंद करून दूर कुठेतरी पुरला गेला. सुलेखाला मुलगी झाली, गुटगुटीत. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही, वाट पाहू. मालिनीबाई नातीचे हातपाय सारखे चाचपत राहिल्या.

मित्रांनो, जुनं भांडं ओठाला लावण्याआधी त्यात काय आहे ते विचारा. मला पुराल तिथे ठळक लिहून ठेवा, कारण माझं निम्मं सरायलाच सोळाशे वर्षं लागतात. आणि सगळा मी काही पिंपात नाही. मीटरला ऐकू येणार नाही इतका थोडा मी सुलेखाच्या हाडांत आहे. ती लेकीला छातीशी धरते, तेव्हा मी अगदी जवळ असतो.