साडेचारची नोंद

मित्रांनो, मी काचेचा आहे, जुना आहे आणि माझ्या पोटात पारा आहे. तुमच्या घरात आता माझ्यासारखा थर्मामीटर बहुधा नसेल. बटण दाबलं की पीक पीक करणारा असेल. त्याला नावं ठेवायला मी आलेलो नाही. मला एका दुपारबद्दल सांगायचं आहे. त्या दुपारी मी अगदी अचूक होतो, आणि तरीही माझ्यामुळे एका बाईच्या जिवावर बेतलं होतं.

माझा जन्म भट्टीशेजारचा. एका कारागिराने तापलेल्या काचेची नळी ओढत नेली, तसं आतलं भोक केसाहून बारीक होत गेलं. त्यात पारा भरला, तोंड बंद केलं, अंगावर रेघा आखल्या. मग कोमट पाण्याच्या टाकीत मला एका प्रमाण थर्मामीटरशेजारी उभं केलं. समोर भिंग घेऊन एक बाई बसली होती आणि तिच्या डाव्या हाताला काचेच्या तुकड्यांची बादली होती. ज्याचा पारा रेघ चुकला, तो सरळ बादलीत. माझी पाळी आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. तिने बघितलं, पुन्हा बघितलं आणि मला उजवीकडे ठेवलं.

मला विकत घेणारे गृहस्थ बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होते. पोलादी कड्या नेमक्या मापाच्या आहेत की नाहीत, हे बघायचं त्यांचं काम. त्यांची धाकटी बहीण त्यांना दादा म्हणे, म्हणून मीही दादाच म्हणतो. दादांनी मला घरी आणलं आणि आधी कारखान्यातून उसन्या आणलेल्या थर्मामीटरबरोबर पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवलं. दोघांत फरक निघाला नाही. ते समाधानाने म्हणाले, हा खोटं बोलणार नाही. त्यावर त्यांच्या बायकोने शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हटलं होतं, "म्हणजे आता घरात तुमच्यासारखे दोघं."

ती माझी चांगली वर्षं. मुलीला गोवर आला, तेव्हा दर चार तासांनी मला बोलावणं यायचं. शेजारचे मला मागायला येत आणि दादा मला देताना काळजीने चार सूचना देत. पुढे मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. मी शिवणयंत्राच्या खणात जाऊन पडलो. तिथे सुटी बटणं होती, मोडके हुक होते. कितीतरी वर्षं मला कुणी हात लावला नाही.

एके दिवशी खण उघडला. दादांनी मला पुसलं आणि उजेडात धरून माझ्या रेघा वाचल्या. त्यांच्या बायकोला, म्हणजे बहिणीच्या वहिनींना, स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली होती आणि आता केमोचे सहा डोस घ्यायचे होते, दर तीन आठवड्यांनी एक.

रुग्णालयातल्या सिस्टरांनी एक माहितीपत्रक दिलं होतं. त्यात एका आकड्याभोवती लाल पेनने गोल केला होता, १००.४. औषध रोगाच्या पेशी मारतं, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी करतं, असं सिस्टरांनी समजावलं होतं. डोसनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात त्या सगळ्यात कमी असतात. तेव्हा साधा जंतूही भारी पडतो, आणि ताप हीच कधीकधी एकमेव खूण असते. लाल गोलातला आकडा दिसला की वेळकाळ न बघता फोन करायचा. आधी तापाची गोळी द्यायची नाही, तिने ताप झाकला जातो.

दादांनी आलेखाच्या कागदावर कोष्टक आखून ते कपाटाच्या दारावर चिकटवलं. तारीख, वेळ, औषध, खाणं, पाणी, ताप. एकही घर वाकडं नव्हतं. बहीण म्हणाली, "दादा, वहिनी काय तुझ्या कारखान्यातली कडी आहे का रे?" पण कोष्टकाचा उपयोग होत होता, हे मी कबूल करतो. उलटीचं औषध मळमळ सुरू व्हायच्या आधी पोटात जायचं. मोठ्या ताटाकडे बघूनच वहिनींना ढवळायचं, म्हणून दर दोन-अडीच तासांनी चार घास, तेही गार झालेले, कारण गरम अन्नाचा वास त्यांना सोसत नसे. थकव्याला उपाय म्हणून दिवसभर पडून राहायचं नाही, सकाळी दहा मिनिटं व्हरांड्यात चालायचं.

केस जायला लागायच्या आत वहिनींनी कापड कापायच्या कात्रीने ते स्वतःच बारीक केले. मग सुती टोप्या शिवल्या, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे उघड्या डोक्याला टोचणार नाही. दुसऱ्या डोसनंतर त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, सुई हातातून निसटू लागली. त्या हे कुणाला सांगणार नव्हत्या, पण नणंदेने डॉक्टरांसमोर सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, हे लपवायचं नाही, औषधाचं प्रमाण बदलता येतं.

नणंद बेकरीत कामाला होती. वहिनी तिला वन्सं म्हणत. दिवसभर भट्टीपुढे उभी राहून ती संध्याकाळी मऊ पाव घेऊन यायची आणि भावाची फिरकी घेऊन जायची.

तिसऱ्या डोसनंतर वहिनींचं तोंड आलं. जिभेवर, गालांच्या आत फोड. पाणी पिणंही नको व्हायचं. सिस्टरांनी फोनवर सांगितलं, मीठ आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करा, ब्रश अगदी मऊ वापरा, तिखट आंबट बंद, आणि बर्फाचे बारीक खडे चघळा, बरं वाटेल. दादा लगेच कोष्टकापुढे जाऊन उभे राहिले. बर्फ कुठे बसवायचा? दुपारी एकच घर रिकामं होतं, सव्वाचारचं. त्यांनी तिथे नेटक्या अक्षरात लिहिलं, बर्फ. त्याच्या खालचं घर साडेचारचं होतं. ते माझं.

मित्रांनो, चूक इतकी साधी असते. ती रिकाम्या घरात मुकाट्याने येऊन बसते.

डोसनंतरचा नववा दिवस होता. वहिनींनी बर्फाचा शेवटचा खडा संपवला आणि दादांनी घड्याळ बघून मला त्यांच्या जिभेखाली ठेवलं. तिथे गारठा होता. मी ज्याला टेकतो त्याचं तापमान सांगतो, त्यापलीकडचं मला काही कळत नाही. पण माझ्या दांडीवर वहिनींची बोटं होती आणि ती बोटं भाजत होती. तीन मिनिटं झाली. पारा ९७.८ वर थांबला.

दादांनी आकडा लिहिला. वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, मला हुडहुडी भरतेय."

"बर्फ खाल्लास ना आत्ता, त्याने वाजतेय थंडी." असं म्हणून त्यांनी पांघरूण घातलं आणि मला डबीत ठेवलं.

बर्फाचं नाव त्यांनी स्वतःच घेतलं, पण आपण काय बोललो, हे त्यांना ऐकूच आलं नाही. वहिनींनीही वाद घातला नाही. बोललं की तोंड दुखायचं. शिवाय ताप निघाला तर पुन्हा रुग्णालयात राहावं लागेल, ही धास्ती होतीच. आकडा बरा आहे म्हणतोय, तर असेल बरा, असं त्यांनी मनाला समजावलं असणार. पुढची नोंद रात्री आठला होती. साडेतीन तास! मी डबीत पडून होतो आणि माझा जीव टांगणीला लागला होता. पांघरुणाखालून दातांवर दात आपटल्याचा आवाज येत होता. मला तोंड फुटलं असतं तर मी ओरडलो असतो, की मी बर्फाचा आकडा सांगितला, तिचा नव्हे.

साडेपाचला वन्सं आल्या. हात धुतले, कोरडे केले आणि वहिनींच्या मानेवर ठेवले. मग पुन्हा ठेवले.

"दादा, ही तापलीय."

दादांनी कोष्टकाकडे बोट केलं. एका तासापूर्वी ९७.८. तुझा हात वीस वर्षं भट्टीपुढे शेकलाय, त्याला काय कळतंय, असं ते म्हणाले. त्यावर वन्सं म्हणाल्या की वीस वर्षं शेकलाय म्हणूनच कळतंय, कच्चा पाव आणि भाजलेला पाव मी काही फूटपट्टी लावून ओळखत नाही. मग त्या वहिनींजवळ बसल्या आणि त्यांनी विचारलं, "वहिनी, हे लावायच्या आधी तोंडात काय होतं?"

"बर्फ," वहिनी म्हणाल्या.

ते ऐकताच दादांना कारखाना आठवला. तीस वर्षं त्यांनी नव्या कामगारांना एकच गोष्ट घोकवली होती. यंत्रावरून उतरलेली गरम कडी लगेच मोजायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच माप घ्यायचं. नाहीतर साधन बरोबर असतं आणि माप चुकतं. दोन पोरांना त्यांनी यावरून सगळ्यांदेखत झापलंही होतं.

त्यांनी मला झटकलं. दोनदा हात चुकला, तिसऱ्यांदा पारा उतरला. त्यांनी मला वहिनींच्या काखेत पाच मिनिटं धरलं. मी चढत गेलो. शंभर ओलांडताना मला थांबावंसं वाटत होतं, पण मला थांबता येत नाही. १०१.६.

दादांनी आकडा वाचला. तरी सवय सुटेना. एकदा खात्री करून घेऊ, म्हणत त्यांनी मला पुन्हा झटकायला हात उचलला. तो वहिनींनी धरला. आठवडाभरात त्या इतकं स्पष्ट बोलल्या नव्हत्या.

"आता मोजू नका. मला घेऊन चला."

वन्संनी रुग्णालयात फोन लावला. गोळी दिलेली नाही, आम्ही निघालोच आहोत, एवढंच सांगितलं. दादांनी मला नकळत खिशात टाकलं, म्हणून पुढचं मला माहीत आहे. वहिनींना गर्दीत न बसवता सरळ आत नेलं. रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी नावालाच उरल्या होत्या. तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू झालं. तिथे हजर असलेल्या डॉक्टर म्हणाल्या की आज आलात ते बरं केलंत. उद्या सकाळी आला असतात तर, एवढं बोलून त्या थांबल्या.

दादांनी सिस्टरांना सगळं सांगितलं. बर्फाचं, कोष्टकाचं, हुडहुडीचं. स्वतःला सांभाळून घेणारं एकही वाक्य त्यांनी त्यात घातलं नाही. सिस्टरांनी माहितीपत्रक मागून घेतलं आणि लाल गोलाखाली हाताने लिहिलं: गार किंवा गरम काही घेतल्यावर निदान अर्धा तास थांबा. थंडी भरून आली तर आकडा काहीही असो, फोन करा. मग त्यांनी मला पाहिलं. तोंड आलेल्या माणसाच्या तोंडात काच घालू नये, असं त्या म्हणाल्या. पारा असलेली साधनं रुग्णालय जमा करून घेतं, हाही आणून द्या.

ताप उतरायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी दादांच्या खिशात होतो आणि त्यांचं काळीज किती जोरात चालत होतं, हे मला कोणत्याही रेघेवर दाखवता येणार नाही.

वहिनी घरी आल्या आहेत. कपाटाच्या दारावर नवा कागद आहे. त्यात तापाच्या आधी ‘कसं वाटतंय’ असा एक रुंद रकाना आहे आणि तो वहिनी स्वतः भरतात. मुंग्यांमुळे अक्षर वेडंवाकडं येतं, घराबाहेर जातं. दादा ते तसंच राहू देतात. सोमवारी चौथा डोस आहे. त्यानंतरचा नववा दिवस पुन्हा येणार, म्हणून घरात सगळे जपून आहेत. तेव्हा मी इथे नसेन. उद्या सकाळी कापसात गुंडाळून मला रुग्णालयात पोचवणार आहेत. मला कचऱ्यात टाकू नका हं, माझा पारा सांडला तर तो विषारी असतो.

मित्रांनो, जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला नीट वापरा, थांबून वापरा, पण माझ्या भरवशावर माणसाला गप्प करू नका. घरात कुणी आजारी असेल आणि म्हणत असेल की मला बरं वाटत नाही, तर आधी त्याच्याजवळ बसा. त्याचं पुरतं ऐका. मग माझ्याकडे बघा.