कच्चा मजकूर

आर्लिसनं ध्वनिमुद्रण चौथ्यांदा मागं नेलं आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. न्यायाधीश हॉकन्सन यांचा आवाज अगदी स्वच्छ होता.

"एकच विचारतो, मिस ब्रॅटन. तुम्ही कर्टिसशिवाय राहू शकाल का?"

दोन सेकंद काहीच नाही. मग जोलीन ब्रॅटनचा तो सपाट, गरजेपेक्षा मोठा आवाज.

"नाही. मला नाही जमणार ते."

समोर साक्षीच्या दिवशीचा कच्चा मजकूर उघडा होता, बोलणं चालू असतानाच तिच्या बोटांखालून पडद्यावर उमटलेला. त्यात होतं: 'तुम्ही कर्टिससोबत राहू शकाल का?'

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खिडकीबाहेर कोर्टाच्या आवारातला बर्फ उपसणारी गाडी मागेपुढे करत होती. डब्यातलं सँडविच अर्धं खाल्लेलं होतं, ते तिनं कागदात पुन्हा गुंडाळलं.

आर्लिस ट्वेट एकतीस वर्षं कोर्टात रिपोर्टर होती, म्हणजे तिथं बोललेला शब्द न् शब्द लिहून घेणारी; त्यातली एकोणीस वर्षं हॉकन्सन यांच्याकडे. तिच्या यंत्राला बटणं बेताचीच. टाइपरायटरसारखं एकेक अक्षर त्यावर लिहायचं नसतं. चारपाच बटणं एकदम दाबली की शब्द होतो, कधी अख्खं वाक्य, आणि क्षणात ते न्यायाधीशांच्या आणि वकिलांच्या पडद्यांवर दिसतं. इंग्रजीत 'सोबत' म्हणजे 'विथ' आणि 'शिवाय' म्हणजे 'विदाउट', एकाच्या पोटात दुसरा. 'सोबत'ची बटणं आणि जोडीला आणखी काही दाबली, की 'शिवाय'. ती जोडीची बटणं त्या दिवशी दाबली गेली नव्हती.

एरवी याला कोणी चूक म्हटलं नसतं. कच्चा मजकूर कच्चाच असतो. तशी सूचना प्रत्येक पानाच्या माथ्यावर असते. अपिलासाठी प्रत मागितली की रिपोर्टर ध्वनिमुद्रण ऐकते, दुरुस्त्या करते, खाली 'खरी नक्कल' म्हणून सही करते आणि कच्चा मजकूर पुसून टाकते. 'सोबत' खोडायचं, 'शिवाय' करायचं. कोणाला कधी कळलं नसतं.

पण जोलीनला ऐकू येत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी मेंदूज्वरात तिचे दोन्ही कान गेले होते. हातांची खुणांची भाषा ती शिकली नव्हती. म्हणून साक्षीच्या खुर्चीसमोर तिच्यासाठी वेगळा पडदा ठेवला होता. कोर्टात कोण काय म्हणतंय ते तिच्यापर्यंत आर्लिसच्या बोटांतून जात होतं.

आणि हॉकन्सन यांच्या निकालपत्रात तिचं ते उत्तर जसंच्या तसं घेतलेलं होतं. जोलीन मोटेलात चादरी धुण्याच्या कामावर गेली असताना, तिच्यासोबत राहणाऱ्या कर्टिसनं तिच्या मुलीला, टॅबीला, रडते म्हणून मागच्या व्हरांड्यात कोंडलं होतं. आदल्या वर्षीचा जानेवारी महिना, पाच वर्षांची पोर, पायात नुसते मोजे. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापावी लागली. 'ज्या आईला अशा माणसाशिवाय राहवत नाही,' न्यायाधीशांनी लिहिलं होतं, 'तिच्या स्वाधीन हे मूल करता येणार नाही.' टॅबी तेव्हापासून दुसऱ्या कुटुंबात होती. जोलीनचं अपील फेटाळलं गेलं, तर आता ती कायमची त्यांची होणार होती; त्या अपिलासाठीच ही प्रत हवी होती.

दुपारी आर्लिस हॉकन्सन यांच्या खोलीत गेली. ते संत्रं सोलत होते.

"साहेब, ब्रॅटनच्या साक्षीत माझी चूक झालीय."

त्यांनी ऐकून घेतलं. साल अखंड निघावी म्हणून त्यांचा अंगठा सावकाश फिरत होता.

"मग चूक कुठाय? मी जे बोललो तेच तू प्रतीत लिहिणार ना?"

"तिनं ते ऐकलंच नाही. तिनं वाचलं. सोबत राहशील का, याला ती नाही म्हणाली."

"तिचा वकील काय झोपला होता?"

"फोनमध्ये बघत होता."

हॉकन्सन थोडं हसले. "आर्लिस, कोर्टात बोललं जातं ती नोंद. पडद्यावर काय उमटलं ती नोंद नव्हे. हे मला तूच शिकवलंस. नवीन होतो मी तेव्हा."

"पोरीचा प्रश्न आहे, साहेब."

"पोर बरी आहे. शाळेत जातेय, वजन वाढलंय. आणि तू गेल्याच महिन्यात जिल्ह्याच्या बैठकीत काय सांगून आलीस? मायक्रोफोनला ऐकू येतं, कळत नाही; माणूसच हवं. टाळ्या घेतल्यास. आता रिपोर्टर काढून मायक्रोफोन बसवायला त्यांना हे आयतं कारण देणार?" त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी कागदावर ठेवून तिच्याकडे सरकवल्या. "सही कर आणि मोकळी हो."

फोडी तिथंच राहिल्या.

चार दिवस तिनं प्रत अडवून ठेवली. रिपोर्टरला कंसात थोडं लिहायची मुभा असते: साक्षीदार मान हलवते, दहा मिनिटं काम थांबलं. तेवढंच. पाचव्या दिवशी आर्लिसनं जोलीनच्या उत्तराखाली कंस उघडला आणि लिहिलं, 'साक्षीदाराच्या पडद्यावर शिवायऐवजी सोबत असं उमटलं होतं. चूक रिपोर्टरची.' कोर्टाच्या कागदात तिचं स्वतःचं असं हे पहिलंच वाक्य. कंस बंद करून तिनं सही केली.

हॉकन्सन ओरडले वगैरे नाहीत. आपला रिपोर्टर न्यायाधीश स्वतः नेमतो. काढायला त्याला कारण द्यावं लागत नाही. एप्रिलमध्ये, तळ्यावरचा बर्फ फुटत होता त्या आठवड्यात, कारकुनांनी तिच्यासाठी निरोपाचा केक आणला. त्यावर नाव बरोबर लिहिलं होतं. मे महिन्यात हॉकन्सन यांच्या कोर्टाच्या छताला चार मायक्रोफोन बसले. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या रिपोर्टर बायकांचे फोन आले. पहिले दोन धीर देणारे होते. तिसरी म्हणाली, "तुला गप्प बसवत नव्हतं का गं? तुझी नोकरी झाली होती करून. आमचं काय?"

आर्लिस घरी बसून हवामानाच्या बातम्यांखाली अक्षरं पुरवण्याचं काम करू लागली. वाऱ्याचा वेग, बर्फाची शक्यता. कोणी रडत नसे, कोणी शपथ घेत नसे.

त्या कंसानं मात्र काम केलं. वरच्या कोर्टानं निकाल अडवला आणि प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे नव्यानं ऐकायला पाठवलं. ऑक्टोबरात आर्लिसला साक्षीचं बोलावणं आलं.

त्या दिवशी ती अर्धा तास आधीच पोचली. कोट खुंटीला लावून प्रसाधनगृहात गेली तर आरशासमोर जोलीन उभी होती. केस घट्ट बांधलेले, अंगात कोणाचा तरी मागून आणलेला करडा कोट, बाह्या थोड्या लांब. आर्लिसला बघून ती वळली.

"तुमची नोकरी गेली म्हणे, बाई. माझ्यापायी."

आर्लिसनं मान हलवून नाही म्हटलं.

"वकिलानं सांगितलं मला. तेव्हापासून मनाला चैन नाही." जोलीनचा आवाज फरशांवर आपटून घुमत होता, तिला ते कळायला मार्ग नव्हता. "एवढं जिवाला लावून घेऊ नका. तुमची चूक नव्हती ती. मी त्या दिवशी पडद्याकडे बघतच नव्हते."

आर्लिसनं चटकन ओठांवर बोट ठेवलं. मग हात लांबवून नळ पूर्ण सोडला.

"जज्ज स्वतः विचारत होता ना, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तेवढं ओठांवरून येतं मला, कोणी सावकाश बोललं तर. 'शिवाय' म्हणाला तो. कळलं मला." तिनं आवाज खाली आणला होता. पाण्याच्या आवाजात आता तो कसाबसा ऐकू येत होता.

आर्लिसनं पर्समधून पेन काढलं आणि हात पुसायच्या कागदावर लिहिलं: मग 'नाही' का म्हणालीस?

जोलीननं वाचलं आणि तिच्याकडे असं पाहिलं, जसं हे विचारायचीही गरज नव्हती.

"शपथ घातली होती ना त्यांनी. सगळे सांगत होते, हो म्हण, हो म्हण. वकील, ती समाजसेवेवाली बाई, माझी बहीण. पण तेव्हा नव्हतंच जमत हो. पोरीची बोटं गेली त्याच आठवड्यात मी त्याला तुरुंगात भेटून आले. लाज नव्हती मला. तरी म्हटलं, इथं तरी खरं बोलावं." ती थांबली. "बघा काय झालं ते."

आर्लिसचं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग तिनं लिहिलं: आणि आता?

जोलीननं कागद हातात घेतला. वाचून झाल्यावरही ती तो बघत राहिली.

"आता हो म्हणेन," ती म्हणाली.

तेवढ्यात शिपायानं दार ठोठावून आर्लिसचं नाव पुकारलं. तिनं कागद ओढून घेतला, फाडला, संडासात टाकून पाणी सोडलं. परत आली तोवर जोलीननं नळ बंद केला होता आणि ती गेली होती.

जोलीनसाठी पडदा लागणार, म्हणून कोर्टानं शेजारच्या जिल्ह्यातून मार्गो डीट्सला बोलावलं होतं. मार्गो चाळिशीची, बोटांनी जलद, आर्लिसला सभांमध्ये भेटलेली. यंत्रामागून तिनं ओळखीचं हसून पाहिलं. आर्लिसनं हात वर करून शपथ घेतली. ही शपथ तिनं हजारो वेळा लिहिली होती. तोंडानं म्हणताना मधला एक शब्द तिला आठवेना आणि कारकुनाला तो पुन्हा सांगावा लागला.

जोलीनचा वकील निस्कानेन या खेपेला फोन बाहेर ठेवून आला होता. चूक कशी झाली, कधी लक्षात आली, त्यानं क्रमानं विचारलं. आर्लिसची उत्तरं नेमकी होती. नव्या न्यायाधीश बाई टिपून घेत होत्या. मग निस्कानेन म्हणाला, "शेवटचा प्रश्न. त्या क्षणी साक्षीदार पडद्याकडे बघत होती का?"

आठवत नाही, असं सांगता आलं असतं. ते खरंही होतं. लिहिताना ती बोलणाऱ्याचे ओठ बघत असे आणि त्या क्षणी बोलत होते ते हॉकन्सन. 'मला माहीत नाही' एवढं म्हणून ती घरी जाऊ शकत होती. पण मग तो कंस कशासाठी होता, असं कोणीतरी विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे राहिलं नव्हतं. समोर जोलीन बसली होती. तिचे डोळे पडद्यावर होते, निस्कानेनच्या प्रश्नावर. भिंतीलगतच्या बाकावर समाजसेवा खात्याची बाई एक जाड फाइल मांडीवर घेऊन बसली होती. त्या फाइलीत टॅबीच्या हाताचे फोटो असणार.

"हो," आर्लिस म्हणाली.

नेमकं त्याच क्षणी मागं कोणीतरी खोकलं. जोलीननं पडद्यावरून नजर उचलली नाही.

त्यानंतर जोलीनची साक्ष झाली. पंधरा मिनिटं. तिनं प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत वाचला, मगच तोंड उघडलं. दुपारी न्यायाधीश बाईंनी जुना निकाल रद्द केला. सुरुवात म्हणून दर रविवारी चार तास टॅबी जोलीनच्या घरी, कोणी देखरेखीला नाही. नीट चाललं तर नाताळापर्यंत मूल परत. निस्कानेननं आर्लिसचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "तुम्ही नसता तर," तो म्हणाला, आणि आपले कागद गोळा करायला वळला. जोलीन तिच्या शेजारून गेली. तिनं आर्लिसच्या दंडाला हात लावला, पण पाहिलं नाही. जिन्यावरून ती भराभर उतरली. खाली रस्त्यावर तिला न्यायला कोणी आलं होतं का, ते वरच्या खिडकीतून दिसत नव्हतं. आर्लिस तरी खिडकीपाशी उभी राहिली.

"आर्लिस, बरं झालं सापडलीस." मार्गो यंत्राची पेटी खांद्याला अडकवून घाईघाईनं आली. "तुझं ते शेवटचं उत्तर. कोणीतरी खोकलं मेलं नेमकं तेव्हाच. ध्वनिमुद्रणातही खोकलाच येतोय. मी 'हो' लिहिलंय. पण म्हटलं, तुझी साक्ष आहे, विचारून घ्यावं. 'हो'च म्हणालीस ना?"

आर्लिसनं कोटाचं वरचं बटण लावलं. मग दुसरं.

"'हो'च म्हणाले," ती म्हणाली. "तसंच राहू दे."