पुंजानानांची पावली

या, अशा जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढे सरका, जागा होईल. बुवांचा चहा व्हायचाय, कीर्तनाला वेळ आहे. तोवर आपल्याच मंडळातल्या एका टाळकऱ्याची गोष्ट सांगते.

तर, पुंजानाना घरातली कॉट भिंतीला उभी करून मोकळ्या केलेल्या जागेत दोन्ही हात पुढे धरून उभे होते आणि घामाघूम झाले होते. समोर त्यांची लेक निकिता. मी शेजारीण, त्यामुळे मोबाइल धरायचं काम माझ्याकडे. मोबाइलमध्ये एक जोडपं गुळगुळीत फरशीवर नाचत होतं, आणि त्यातला मुलगा हिंदीत सांगत होता की पहिल्यांदा शिकणाऱ्यांनी अजिबात घाबरायचं नाही.

निकिताचं लग्न वीस दिवसांवर आलेलं. रिसेप्शनला नवरा-नवरीनं स्टेजवर नाचायचं, असं सासरच्या पोरींनी ठरवून टाकलं होतं. नवरा शेखर इगतपुरीला रेल्वेत, सुट्टी मिळणार ती लग्नापुरती. तो तिकडे मोबाइलवर बघून शिकणार, ही इकडे. पण एकटीनं हात कुणाचा धरायचा? म्हणून नाना.

"नाना, पाय. माझ्या पायावर उभे आहात तुम्ही."

"तूच आली ना पुढं."

"मग? व्हिडिओत ती पुढेच येते."

"मी बी पुढंच येनार. पावलीत दोघं बी पुढं येतात, दोघं बी मागं जातात. तीस वर्षं तेच करतोय मी."

खरंच होतं ते. कीर्तनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर नाचतात, एकदम पुढे येतात, एकदम मागे सरतात. नानांचे पाय त्यातच मुरलेले. दिवसभर पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षाच्या पेट्या उचलणारा माणूस, पण पावली सुरू झाली की वय विसरायचा.

मी व्हिडिओ पुन्हा मागे नेला. "नाना, नीट बघा. ती पुढे आली की तो मागे जातो. तो पुढे आला की ती."

"म्हंजे एकानं जागा द्यायची."

"हो."

नाना खालीच बसले. मोबाइलकडे बघतच म्हणाले,

"ताई, उज्वलानं एकदा इचारलं होतं. मला पावली शिकवा म्हनली. इथंच, ह्याच खोलीत. दार लावून घेते म्हनली."

उज्वला म्हणजे निकिताची आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

"मग?" निकितानं विचारलं. तिला हे ठाऊकच नव्हतं.

"मी म्हनलो, बाईमानसाचं काय काम? लोक हसतील." नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "दार लावल्यावर लोक कुठून येनार होते, हे आत्ता सुचतंय."

नानाच उठले, हात पुढे केले. "लाव ताई, पयल्यापासून. हिची फजिती नाय होऊ द्यायची."

मग रोज कामावरून आले की चहाआधी नाच. इतका, की एकादशीच्या कीर्तनात सगळी रांग पुढे गेली आणि नाना एकटेच मागे. मृदंगावरून बारकू ओरडला, "नाना, घरी निघाले का?" सगळे हसले. नानाही.

लग्न द्वारका चौकाजवळच्या हॉलमध्ये लागलं. संध्याकाळी गाणं सुरू झालं, शेखरनं निकिताचा हात धरला. पोरगा भला, पण बिचारा एकट्यानंच शिकलेला, समोर माणूस असतं याची पायांना सवय नाही. चौथ्याच ठेक्याला तो पुढे आला, हीसुद्धा पुढे. कपाळाला कपाळ लागता लागता राहिलं. सासरच्या पोरी मोबाइल रोखून उभ्या. निकिता जागच्या जागी थिजली. तिनं खाली वडिलांकडे पाहिलं.

पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांपुढे नाना उभे होते, डोक्याला फेटा, हात किंचित पुढे. ते हळूच एक पाऊल मागे सरले.

निकिता मागे सरली. शेखर पुढे आला. आणि नाच जमला.

सगळ्यांच्या नजरा स्टेजवर होत्या. मी मात्र नानांकडेच बघत होते. ते थांबले नव्हते. एक पाऊल पुढे, एक मागे, हात तसेच. समोर कुणी नव्हतं. पण मागे सरताना ते येणाऱ्याला पुरेल एवढी जागा सोडत होते.

उज्वला कीर्तनाला माझ्याच शेजारी बसायची, इथे, या खांबाजवळ. पुरुषांची पावली सुरू झाली की साडीच्या काठाखाली तिच्या पायांची बोटं हलायची, जोडवी फरशीवर हळू वाजायची. मी एकदा तिला कोपरानं डिवचलंही होतं, नीट बस म्हणून. ती लगेच पाय पोटाशी घेऊन बसली.

बुवा आले बघा. आता टाळ लागतील. शेजारच्या एखादीचा पाय हलताना दिसला तर तिला डिवचू नका बायांनो. आमच्या उज्वलाची तेवढी आठवण ठेवा.