दोरीला बांधलेली होडी

पायडल मारा, वीज बनवा, अशी होडी त्यानं दोन वर्षं खपून तयार केली होती. बोट क्लबनं त्यासाठी मागची शेड दिली होती, आणि आज मॅनेजरसमोर होडी चालली नाही तर शेड रिकामी करायची, असं ठरलेलं. पण होडी बनवणारे साहेब निवांत होते. धक्क्याला होडी बांधून त्यांनी तिच्यावरचा दिवा शंभरदा लावून पाहिला होता.

बांधूनच का? तर ह्या गृहस्थांना पोहता येत नव्हतं. पाण्यावरची खेळणी करणारा हा पठ्ठ्या गुडघाभर पाण्यालाही घाबरायचा. आणि बायको कोण, तर त्याच क्लबात पोहायला शिकवणारी! चिडवून चिडवून ती थकली, पण हा काही बधला नाही.

मॅनेजरनं दोरी सोडली आणि स्वतःच पायडल मारायला बसला. दिवा झकास लागला. होडी मात्र हलायचं नाव घेईना. तो घामाघूम झाला तेव्हा कुठे ती हातभर सरकली. शेजारून एक बदक आरामात पुढे निघून गेलं. पायांचा सगळा जोर वीज बनवण्यातच जात होता. बांधलेली होडी हलत नाही, ह्यात दोन वर्षं कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

मॅनेजरनं शेडची किल्ली मागितली. ह्याचा हात खिशात गेला तो तिथेच राहिला. त्याला अगदी रडू येत होतं.

तेवढ्यात बायको मध्ये पडली. तिच्या वर्गातली निम्मी मोठी माणसं पहिल्याच दिवशी पाण्याला घाबरून पळायची. त्यांना आधी ह्या बांधलेल्या होडीत बसवू, पायडल मारता मारता भीती मोडेल आणि धक्क्यावरचे दिवेही लागतील, असं तिनं मॅनेजरच्या गळी उतरवलं. त्यानं एक महिना दिला. वर्गाच्या यादीत पहिलं नाव तिनं नवऱ्याचं लिहिलं.

महिनाभरात एकही जण पळाला नाही. मॅनेजरनं आणखी दोन होड्या करायला सांगितल्या, किल्लीचा विषयच काढला नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी साहेब पायडल मारत नव्या होड्यांच्या वायरिंगबद्दल बोलत सुटले होते. समोर बसलेली बायको हं हं करत होती. बऱ्याच वेळानं त्याची नजर मागे गेली. धक्का चांगला चार हात लांब राहिला होता, आणि दोरी बायकोच्या मांडीवर गुंडाळून ठेवलेली होती.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "तुझीच होडी आहे. जाऊन जाऊन जाणार किती लांब?"